बाहत्तर पावलांची चाल

आमच्या वहिनीचा फोन आला की मी आधी विचारते, "कोण गेलं?" तीस वर्षांत तिने मला तेवढ्याच कारणासाठी फोन केलेला आहे. त्या दिवशी मात्र कुणी गेलं नव्हतं.

"काहीतरीच काय विचारतेस! अगं, चांगली बातमी आहे," वहिनी म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतका गोडवा होता की मी गॅस बंद करून खुर्चीत बसून घेतलं. काम असल्याशिवाय आमच्या वहिनीचा आवाज असा पातळ होत नाही.

भाचीचं लग्न ठरलं होतं. मे महिन्यात, उघड्या लॉनवर, दुपारी साडेचारला. संध्याकाळची वेळ दुसऱ्या कुणीतरी आधीच अडवून ठेवली होती म्हणून साडेचार. मुलाकडच्यांना लग्नात 'लाईव्ह म्युझिक' हवं होतं, कारण त्यांच्या नात्यातल्या कुठल्याशा लग्नात ते होतं आणि लोकांनी फार नावाजलं होतं. तेव्हा वहिनीला आठवलं, की आपल्याला एक नणंद आहे आणि ती काहीतरी फुंकते.

मी क्लॅरिनेट वाजवते. अकराव्या वर्षी शाळेच्या बँडमध्ये हातात आलं ते सुटलं नाही. एकवीस वर्षं मी रेडिओच्या वाद्यवृंदात होते. तो बंद पडल्यावर आम्ही तिघांनी मिळून आमचं छोटंसं काहीतरी चालू ठेवलं. घरात मात्र माझ्या वाद्याला पिपाणी म्हणतात, आणि मलाही. ते नाव दादाने पाडलं. दादाचं फरशांचं दुकान आहे, आणि ते ज्या रस्त्यावर आहे त्याच रस्त्याच्या टोकाला आमचं सभागृह होतं. एकवीस वर्षांत दादा तिथे एकदाच आला, तोही तिथल्या स्वच्छतागृहाच्या फरशांचं माप घ्यायला. मी वर तालमीत होते. मला भेटला नाही, पण नंतर म्हणाला, "खालपर्यंत ऐकू येत होतं गं तुमचं."

तर रविवारी मी त्यांच्याकडे गेले. दादाच्या दिवाणखान्यात जमीन इतकी गुळगुळीत आहे की माणूस सोफ्यावर बसला की स्वतःच्याच पायांचे तळवे बघत बसतो. दादा मोबाईलवर होता. वहिनी वही घेऊन बसली होती. भाची एका कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिचं वय सत्तावीस, विमा कंपनीत नोकरी, बोलणं कमी.

"घरचंच माणूस असताना बाहेरचं कशाला, असं मी ह्यांना म्हटलं," वहिनी म्हणाली. "नाहीतरी तुझं ते तसंच पडून असतं."

"पडून नसतं, वहिनी. काल तीन तास वाजवलं."

"तेच ते. मग एक दिवस आमच्याकडे वाजव."

"किती जण लागतील?" दादाने मोबाईलमधून मान वर न काढता विचारलं.

"आम्ही तिघं आहोत. व्हायोलिन, चेलो आणि मी."

"चेलो म्हणजे ते मोठं?"

"हो. ते मोठं."

"छान दिसेल ते," वहिनी म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं असेल? 'मोठं – १' असंच असणार.

मी तिथूनच उठून जायला हवं होतं. कानाने जन्मजात बहिरी आणि त्याचा अभिमान असलेली ही माणसं. त्यांना संगीत म्हणजे जेवताना पाठीमागे चालू असायची गोष्ट. पण दारापर्यंत भाची आली आणि हळूच म्हणाली, "आत्या, खरंच वाजव ना. मला तुझं ऐकत ऐकत जायचंय." मला वाटलं, आईने शिकवून पाठवलं असेल. तरी मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात भाचीला घेऊन मी ते लॉन बघायला गेले. एक लांबलचक हिरवा पट्टा, त्याच्या एका टोकाला खोल्या आणि दुसऱ्या टोकाला लाकडी मंच. खोलीच्या दारातून निघून मंचापर्यंत तिने चालत यायचं, तिथे दोघांनी रजिस्टरवर सह्या करायच्या, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. मी तिला सांगितलं, "लग्नात चालशील तशी चाल. सावकाश." ती चालली, मी मोजलं. बाहत्तर पावलं. साधारण दीड मिनिट.

त्या दीड मिनिटासाठी मी चाल बांधली. कुणी मागितली नव्हती. तयार काहीतरी वाजवून भागलं असतं, आणि त्या लोकांना फरकही कळला नसता. पण मला ती बाहत्तर पावलं दिसत होती. पहिल्या वीस पावलांत ती बावरलेली असणार, मग तिला बसलेले लोक दिसणार, मग मंचावरचा मुलगा दिसणार. क्लॅरिनेट तिच्याबरोबर चालावं, पुढे धावू नये आणि मागे रेंगाळू नये, असं मनात धरून मी लिहीत गेले. अकरा दिवस लागले.

भाची एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आली. तिला मी ती चाल वाजवून दाखवली. माझ्या घरातला बोळ स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत अकरा पावलांचा. ती त्या बोळात येरझाऱ्या घालत चालून बघत होती. शेवटच्या सुरावर ती न्हाणीघराच्या दाराशी असायला हवी होती, पण बोळाच्या मधोमधच राहिली.

"लग्न इथेच लावायचं का मग, कपड्यांच्या दोरीखाली?" ती म्हणाली आणि भिंतीला टेकून हसत सुटली. तिला असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, "अजून एकदा वाजव." मी पाचदा वाजवलं. तिला ऑफिसला उशीर झाला.

त्यानंतर कार्यक्रमात एक नवीन बाई आली. लग्नाची सगळी व्यवस्था बघायला दादाने जिला नेमलं होतं ती. तिला सगळे इव्हेंटवाली म्हणत. वय तिशीच्या आत, दोन मोबाईल, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ओके ना, मॅडम?' मी तिला आमची एकच अट सांगितली. थेट उन्हात आम्ही वाद्यं काढत नाही. उन्हात क्लॅरिनेटचा सूर वर चढतो आणि तारांचा खाली उतरतो, तिघंही बेसूर होतात. शिवाय लाकूड तडकतं. तेव्हा डोक्यावर कापडी छत हवं.

"छत ड्रोनमध्ये येईल, मॅडम."

"येऊ दे."

"नाही, म्हणजे वरून सगळं हिरवं आणि पांढरं असं दिसणार आहे. मधेच छत आलं तर तो ठिपका वाटेल."

"मग ते ड्रोनच नको," मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी 'नवराच नको' म्हटलं होतं.

पुढचे दीड महिने फोनवर फोन. वहिनीचा निरोप आला की कपडे फिक्या गुलाबी रंगाचे हवेत, तिघांचे सारखे. आमचे व्हायोलिनवाले शाळेत संगीत शिकवतात, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. अठ्ठावन्न वर्षांचे, काटकुळे, रागीट. ते म्हणाले, "गुलाबी घालून मी वर्गात गेलो तर मुलं मला शाळा सोडायला लावतील." मग विहीणबाईंचा, म्हणजे भाचीच्या होणाऱ्या सासूबाईंचा निरोप आला, की चाल 'थोडी आनंदी' करता येईल का. त्यांनी ती ऐकलेली नव्हती. मग वहिनीचा पुन्हा फोन.

"अगं, ते तू वाजवतेस ना, त्यात गाल फुगतात का?"

"नाही फुगत. फुगले तर वाजत नाही नीट."

"तसं नाही, पण फुगल्यासारखे वाटतात ना. व्हिडिओत तेच दिसेल सगळ्यांना. त्यापेक्षा बासरी का नाही वाजवत तू? बासरीत चेहरा छान राहतो."

चाळीस वर्षं मी जे करत आले त्याबद्दल माझ्या भावाच्या बायकोचं मत हे, की चेहरा छान राहत नाही. मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी मी चेहरा घरी ठेवून येईन." तिला विनोद कळला नाही. "बरं," म्हणाली.

लग्नाला चार दिवस असताना इव्हेंटवालीचा फोन आला. आवाजावरून वाटत होतं की खुशखबर आहे.

"मॅडम, तुमचं उन्हाचं टेन्शन आपण संपवलंय. आपण ट्रॅक लावतोय."

"कसला ट्रॅक?"

"रेकॉर्डेड. स्पीकर फुलांच्या कुंड्यांमागे असतील, दिसणार नाहीत. तुम्ही फक्त बसून वाजवायचं. म्हणजे, आवाज न करता. हल्ली सगळीकडे असंच करतात. वारा नको, बेसूर नको, व्हिडिओत साउंड एकदम क्लीन. ओके ना, मॅडम?"

"आणि तो ट्रॅक कुणाचा? आमचा?"

"नाही नाही, लायब्ररीतला आहे, तयार विकत मिळतो. खूप इमोशनल आहे. दादांच्या मिसेसना आवडलाय."

"भाचीला माहितीये?"

"ब्राईडला आपण शेवटच्या आठवड्यात काही सांगत नाही. स्ट्रेस येतो."

आमची बैठक बसली चेलोवालीच्या दवाखान्यात. ती दातांची डॉक्टर आहे. तिच्याकडे पेशंट संपले की आम्ही तिथेच भेटतो. मास्तर पेशंटच्या खुर्चीत आडवे पडले होते, डॉक्टरीण स्टुलावर आणि मी खिडकीत.

"सरळ 'नाही' म्हणून सांगायचं," मास्तर छताकडे बघत म्हणाले. "आपण काय दुकानातल्या बाहुल्या आहोत हात हलवायला?"

"मला तर बरं वाटलं ऐकून," डॉक्टरीण म्हणाली. "मे महिन्यात साडेचार वाजता माझा चांगला चेलो उन्हात नेण्यापेक्षा तो जुना, पोट फुटलेला नेईन. हात हलवायचे आणि घरी यायचं. तुझं घरचं कार्य आहे, तू ठरव."

दोघं माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हटलं असतं तर दादा चिडला असता, वहिनी वर्षभर बोलली नसती, आणि दोन्ही गोष्टी मला चालण्यासारख्या होत्या. भिऊन मी हो म्हटलं नाही, हे मला स्पष्ट आठवतंय. मी हो म्हटलं ते त्यांची किळस आली म्हणून. मला वाटलं, ह्यांना हेच द्यावं. ह्यांची लायकी हीच आहे. माझ्या अकरा दिवसांच्या कामावर ह्या लोकांचे कान तरी कशाला पडू द्यायचे? बसू देत त्या कुंड्यांमागच्या स्पीकरसमोर माना डोलवत. मी तिथे बसून त्यांची मजा बघेन.

"जाऊ या," मी म्हटलं. "बाहुल्या तर बाहुल्या."

मास्तर खुर्चीतून उठले. "मला आवडलं नाही," ते म्हणाले. "पण तुझा भाऊ आहे." आणि जाता जाता त्यांनी डॉक्टरिणीकडून दुखऱ्या दाढेवर गोळी घेतली.

भाचीला मी फोन केला नाही. दोन-तीनदा हातात घेतला होता. मग म्हटलं, तिला तरी काय कळणार आहे. दादाचीच मुलगी ती.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की हिरवळ नुसती पांढुरकी दिसत होती. आम्हाला मंचाच्या डाव्या हाताला बसवलं होतं. छत नव्हतंच. समोर तीन माईक लावले होते, तिन्ही बंद. मास्तरांनी गजावरची राळ पुसून वर साबण घासला होता, म्हणजे तारेवर गज फिरला तरी आवाज निघू नये. मी क्लॅरिनेटची रीड, म्हणजे तोंडाशी बसवायची ती बोरूची पातळ पट्टी, काढून टाकली होती. ती नसली की कितीही फुंका, नुसता वारा. पहिल्या रांगेत शंभरेक डोळे आमच्याकडे लागले होते. चाळीस वर्षं जी माणसं माझ्या वाद्याकडे बघत आली त्यातल्या एकालाही दिसलं नाही, की बाईंच्या वाद्याला जीभच नाही.

पाहुणे येत होते. वहिनी सगळ्यांना आमच्याकडे बोट दाखवून सांगत होती, "नणंद आहे माझी. रेडिओवर होती." त्याआधी तिने हे कुणाला सांगितल्याचं मला माहीत नव्हतं. विहीणबाई हातातल्या पंख्याने वारा घेत म्हणाल्या, "अगदी परदेशात असल्यासारखं वाटतंय." परदेशात माणसं काय करतात अशी त्यांची कल्पना होती कोण जाणे.

मग खोलीचं दार उघडलं आणि भाची बाहेर आली. डोक्यावर ड्रोन घोंगावत होतं. कुंड्यांमागून ट्रॅक सुरू झाला. काय सांगू? साखरेचा पाक. व्हायोलिनं, पियानो, मधेच कुणीतरी ऊऊ करणारी बाई. आमच्यात पियानो नव्हता, गाणारी बाईही नव्हती, पण त्याने कुणाचंही काही अडलं नाही. मी बोटं हलवायला लागले. ट्रॅकवर क्लॅरिनेटसारखं काही नव्हतंच, तेव्हा माझी बोटं आपसूक माझ्याच चालीवर पडत होती. आत वारा जात होता आणि खालून वारा बाहेर येत होता.

भाची सात-आठ पावलं आली आणि थांबली.

लोकांना वाटलं, भरून आलं. पहिल्या रांगेत रुमाल निघाले. मी तिच्याकडे बघत होते. ती रडत नव्हती. ती कान देऊन ऐकत होती, आणि तिचे डोळे आधी माझ्या बोटांवर होते, मग माझ्या चेहऱ्यावर आले. तिला बोटांवरून ओळख पटली असेल की नाही मला माहीत नाही. पण बोळात तिने पाच वेळा ऐकलेली चाल ही नव्हे, हे तिला कळलं होतं. मी बोटं थांबवली नाहीत. काय करणार होते? खरं तर पुष्कळ काही करता आलं असतं. वाद्य खाली ठेवता आलं असतं. मी नजर खाली वळवली आणि फुंकत राहिले.

मग ती चालायला लागली, भराभर, जणू बस सुटत होती. ट्रॅक अर्धा व्हायच्या आत ती मंचावर पोचली. ती बाई एकटीच ऊऊ करत राहिली. मुलगा गोंधळला. शेवटी इव्हेंटवालीने हात करून आवाज हळूहळू कमी करवला. सह्या झाल्या, टाळ्या झाल्या.

आम्ही वाद्यं पेटीत ठेवत होतो तेव्हा दादा आला. त्याचे डोळे लाल झाले होते. दादाला मी दोनदाच रडताना पाहिलंय, आणि एकदा त्याचं बोट दारात सापडलं होतं. त्याने मला जवळ घेतलं, सगळ्यांसमोर.

"पिपाणी," तो म्हणाला, "मला माहीत नव्हतं गं तू असं वाजवतेस. काळजाला हात घातलास. उगाच मी इतकी वर्षं... मी यायला हवं होतं तुझ्या कार्यक्रमांना."

मास्तरांनी तोंड फिरवलं. डॉक्टरीण पेटीचा पट्टा उगाच काढत-घालत बसली. आयुष्यभर जे ऐकायची मी वाट बघितली नाही असं स्वतःला सांगत आले, ते मी ऐकत होते, आणि ते दुसऱ्याच कुणासाठी होतं. त्या ऊऊ बाईसाठी.

"दादा, ते आम्ही वाजवलं नाही. तो ट्रॅक होता. स्पीकर त्या कुंड्यांमागे आहेत, जाऊन बघ."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग कुंड्यांकडे. मग त्याने खिशातून रुमाल काढून नाक पुसलं.

"असं होय," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बरं, बोलू नकोस कुणाजवळ. विहीणबाईंना फार आवडलंय." आणि माझ्या पाठीवर दोनदा थोपटून तो पाहुण्यांकडे गेला. त्याने रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवली, अगदी नीट.

मला निरोप आला की भाची खोलीत बोलावतेय. खोलीत कूलर घरघरत होता. आरशासमोर ती पायातल्या चपला काढून बसली होती. केसातल्या पिना काढणारी मुलगी होती, तिला तिने बाहेर पाठवलं.

"तू वाजवलं का नाहीस?"

"तुझ्या आईने आणि त्या इव्हेंटवालीने ठरवलं की—"

"आईचं मला माहीत आहे. आईला संगीतातलं काही कळत नाही, आणि तिला ते चालतं. मी तुला विचारतेय."

"उन्हात वाद्यं—"

"आत्या."

मी खुर्चीवर बसले. गुलाबी कपडा पाठीला चिकटला होता. "मला वाटलं, कुणाला कळणार आहे," मी म्हटलं.

"मलाही नाही कळणार, असं वाटलं?"

ती आरशातून माझ्याकडे बघत होती.

"तू आम्हाला सगळ्यांना हसतेस ना मनातल्या मनात?" ती म्हणाली. "लहानपणापासून बघतेय मी. तू घरी येतेस, सोफ्याच्या टोकाला बसतेस आणि आमच्याकडे असं बघतेस, जसं काही आम्ही सगळे एकाच साच्यातले. बाबा तुला पिपाणी म्हणतात ते वाईटच आहे. पण मी कधी म्हटलंय?"

तिने कधीच म्हटलं नव्हतं. हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पिना काढणारी मुलगी दार वाजवून आत आली, तिच्यामागे दोन मावश्या, आणि मी बाहेर पडले.

डॉक्टरिणीने मला घरी सोडलं. वाटेत मास्तर मागच्या सीटवरून म्हणाले, "पैशाचं राहू दे. पण तुझ्या त्या चालीचे कागद मला दे. मला शाळेतल्या मुलांकडून बसवून घ्यायचीय." मी म्हटलं, "नाही देणार." कारण विचारायचं त्यांनी टाळलं.

महिनाभरात व्हिडिओ आला. वरून हिरवं-पांढरं, कुठेही ठिपका नाही. भाची थांबते तिथे त्यांनी चित्र मुद्दाम सावकाश केलं होतं आणि तिच्या चेहऱ्यावर जवळून नेलं होतं. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'किती भावुक क्षण', 'वादकांना सलाम'. माझे गाल फुगलेले नव्हते. मला चार फोन आले, अगदी तसंच हवं म्हणून. एका बाईने विचारलं, "तुमच्याबरोबर ती गाणारी होती, ती पण येते ना?" त्या चौघांना मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. डॉक्टरीण म्हणाली, "ते लोक बिचारे साधे आहेत गं." मी म्हटलं, "साधेपणाचीच चीड येते मला." पण ते म्हणताना पूर्वीची मजा आली नाही. तोंडात काहीतरी शिळं असल्यासारखं वाटलं.

जुलैच्या एका रविवारी मी न कळवता भाचीच्या सासरी गेले. पेटी घेऊन. दार विहीणबाईंनीच उघडलं.

"अगंबाई, तुम्ही! आणि वाद्य पण! बसा बसा. अहो, टीव्ही बंद करा." टीव्ही कुणी बंद केला नाही, आवाज तेवढा बंद केला. पडद्यावर एक माणूस गाडीची जाहिरात करत राहिला. सासरे आले, जावई आला, आणि शेवटी आतून भाची आली, ओले हात पुसत. मला बघून ती हसली नाही. उभीच राहिली.

"मी वाजवायला आलेय," मी तिला म्हटलं. "दीड मिनिट लागेल."

कुणी काही म्हणायच्या आत मी वाद्य जोडलं, रीड ओली करून बसवली आणि सुरुवात केली. वाजवताना मी कुणाकडे बघितलं नाही. पहिल्या वीस पावलांत एक सूर जरा हलला. खूप दिवसांनी मी कुणासमोर घाबरून वाजवत होते. पण मग जमलं. मी काय बांधलंय ते मला ठाऊक आहे, त्यासाठी मला कुणाच्या सलामाची गरज नाही. चाल चांगली आहे.

संपल्यावर विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. "छान," त्या म्हणाल्या. "पण लग्नातलं जास्त भारी होतं, नाही? त्यात कसा भरणा होता."

सहा महिन्यांपूर्वी अशा बाईला मी नजरेनेच सोलून काढलं असतं. आताही तशीच नजर वर आली होती, पण भाची माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं. "त्यात माणसं जास्त होती."

भाची चहा टाकायला आत गेली. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. ती ओट्याशी माझ्याकडे पाठ करून उभी होती.

"आवडली का?" मी विचारलं. असा प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारलेला नाही.

"मला आधीपासूनच आवडते," ती म्हणाली. "पण मला ती ऐकायची नव्हती, आत्या. मला तिच्यावर चालायचं होतं."

चहा उकळून वर आला, तिने गॅस बारीक केला. मी कप काढून दिले. कुठल्या कपाटात असतात ते तिने हाताने दाखवलं. मग आम्ही बाहेर येऊन सगळ्यांबरोबर चहा प्यायलो. सासऱ्यांनी मला विचारलं की क्लॅरिनेट आणि शहनाई एकच का. मी त्यांना फरक समजावून सांगितला, दोनदा, न चिडता. जावयाने वाद्य हातात घेऊन बघितलं आणि बोटांचे ठसे पुसून परत दिलं. भाची नवीन बदलीबद्दल बोलली, तिला तिसऱ्या मजल्यावरच्या विभागात टाकलंय आणि तिथे खिडकी नाही, असं.

मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. मी पेटी खांद्याला लावली आणि म्हटलं, "बरं, जाते मी."

"येते म्हण," ती तिरसटपणे म्हणाली आणि दार लावून घेतलं.